दोन मोती, सत्तावीस मोहरा : मृतांच्या अलंकारांची साक्ष

पानिपतच्या रणांगणावर १४ जानेवारी १७६१ रोजी, पौष शुद्ध अष्टमीस, मराठी फौजेचा दारुण पराभव झाला. ही वार्ता पेशव्यांच्या छावणीत आली ती एका सावकारी पत्रातून, अशी नोंद इतिहासकार ग्रँट डफ याने केली आहे. उत्तरेकडून औरंगाबादच्या सावकारांकडे निघालेला एक कासीद वाटेत नानासाहेब पेशव्यांच्या लोकांना सापडला. त्याच्याजवळील पत्रात लढाईचे वर्णन नव्हते, कोणा सरदाराचे नावही नव्हते. दोन मोती गळाले, सत्तावीस सोन्याच्या मोहरा हरवल्या आणि चांदी-तांब्याची तर गणतीच नाही, एवढाच त्याचा आशय होता. दोन मोती म्हणजे सदाशिवरावभाऊ आणि विश्वासराव, मोहरा म्हणजे मातब्बर सरदार आणि रुपये-खुर्दा म्हणजे सामान्य शिपाई व बाजारबुणगे, हा अर्थ उमगण्यास पेशव्यांना वेळ लागला नाही.

पेढीवरच्या माणसाने आपल्याच व्यवसायाच्या परिभाषेत ही हानी मांडली. त्या पत्रातील मोती हे रूपक होते. परंतु रणांगणावर खरोखरच्या मोत्यांनीही एक साक्ष दिली. प्रेतांच्या राशीतून सेनापतीचे शव शोधताना माग लागला तो अशाच काही मोत्यांमुळे. मृत व्यक्तीच्या अंगावरील अलंकार हा तिच्या ओळखीचा दस्तऐवज असतो. जगाच्या निरनिराळ्या भागांत या दस्तऐवजाचे काय झाले, हे पाहिल्यास पानिपतच्या शोकांतिकेचा एक फारसा परिचित नसलेला पैलू समोर येतो.

थडग्यातील सोने

रोमन साम्राज्याच्या पडत्या काळात आणि त्यानंतरच्या दोन-अडीच शतकांत युरोपातील अनेक राजकुळांत मृताला त्याच्या शस्त्रालंकारांसह पुरण्याची प्रथा होती. या थडग्यांतील दागिन्यांचे वैशिष्ट्य म्हणजे पिवळेधमक सोने आणि त्यात जडविलेले गडद तांबडे गार्नेट. आपल्याकडील जवाहिर या रत्नाला तामडा म्हणतात.

या परंपरेतील एक सुप्रसिद्ध थडगे आजच्या बेल्जियममधील तूर्ने या गावी सापडले. २७ मे १६५३ रोजी तेथे एका बांधकामासाठी खोदकाम चालू असताना एका गवंड्याच्या हाती सोन्याची नाणी लागली. पुढे खणल्यावर तलवार, सोने-गार्नेटची आभूषणे, सुमारे तीनशे सुवर्णमाशा आणि शंभराहून अधिक सुवर्णनाणी निघाली. हे थडगे कोणाचे, असा प्रश्न मात्र पडला नाही. कारण त्यात सोन्याची एक मुद्रांकित अंगठी होती आणि तिच्यावर राजाची प्रतिमा व ‘राजा चिल्डेरिक याची’ अशा अर्थाचे लॅटिन शब्द कोरलेले होते. फ्रँक लोकांचा हा राजा इ. स. ४८१-८२ च्या सुमारास मरण पावला होता. जवळजवळ पावणेबाराशे वर्षांनी एका अंगठीने त्याची ओळख पटविली. दुर्दैवाने १८३१ मध्ये पॅरिसच्या ग्रंथालयातून या ठेव्याची चोरी झाली व त्यातील बहुतेक सोने वितळविले गेले. त्या शेकडो माशांपैकी आज अवघ्या दोन उरल्या आहेत. सुदैवाने १६५५ मध्येच या वस्तूंची सचित्र यादी ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली होती. सोने गेले तरी नोंद राहिली आणि अंगठीवरील अक्षरे आपल्याला आजही त्या नोंदीतून वाचता येतात.

दुसरे उदाहरण इंग्लंडमधील सटन हू येथील. १९३९ मध्ये श्रीमती एडिथ प्रेटी यांच्या जमिनीवरील एका टेकाडाचे उत्खनन बेसिल ब्राउन यांनी आरंभिले, तेव्हा सुमारे २७ मीटर लांबीच्या जहाजाचा ठसा मातीत आढळला. जहाजाच्या मध्यभागी दफनकक्ष होता. आम्लधर्मी मातीत देह पूर्णपणे विरून गेला होता. परंतु सोन्याच्या कोंदणात गार्नेट बसविलेले खांद्यावरील बंद, कमरपट्ट्याचे भाग आणि बटव्याचे झाकण अभंग होते. बटव्यात ३७ सुवर्णनाणी, तीन कोऱ्या चकत्या आणि सोन्याच्या दोन छोट्या लगडी निघाल्या. ही सदतीस नाणी सदतीस निरनिराळ्या टाकसाळींची आहेत. त्यांच्या अभ्यासावरून दफनाचा काळ सातव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांचा ठरला आणि त्यावरून हे थडगे ईस्ट अँग्लियाचा राजा रेडवाल्ड याचे असावे, असे अनेक विद्वान मानतात. येथे अंगठीवर नाव नसल्याने खात्री देता येत नाही. नाण्यांनी काळ सांगितला; नाव अनुमानावर सोडावे लागले.

तामड्याचा प्रवास

या अलंकारांची घडण मोठ्या कसबाची आहे. सोन्याच्या पातळ पट्ट्या उभ्या करून त्या तळपत्र्यावर डाखाने जोडीत आणि त्यातून लहान लहान घरे तयार करीत. प्रत्येक घराच्या आकाराबरहुकूम गार्नेटची पातळ चकती घासून काढीत. गार्नेट हे मुळात गडद रत्न असल्याने नुसते बसविल्यास ते काळवंडलेले दिसते. म्हणून त्याच्या पाठीमागे बारीक आडव्या-उभ्या रेघांचा ठसा उमटविलेला सोन्याचा वर्ख ठेवीत. आत शिरलेला प्रकाश त्या रेघांवरून परावर्तित होऊन रत्न निखाऱ्यासारखे उजळते. महाराष्ट्रातील जडावाच्या कामातही रत्नाखाली असे चकचकीत पत्र घालतात व त्यास डांक म्हणतात, हे जुन्या सराफांना ठाऊक असेल.

भारतीय वाचकाच्या दृष्टीने याहून महत्त्वाची बाब म्हणजे हे रत्न कोठून आले. गार्नेट हे एक सिलिकेट खनिज असून त्यातील लोह, मॅग्नेशियम, क्रोमियम इत्यादींचे प्रमाण प्रत्येक खाणीगणिक निराळे असते. फ्रान्समधील संशोधकांनी लूव्र संग्रहालयाच्या प्रयोगशाळेत दागिन्यांना धक्का न लावता हे प्रमाण मोजले. त्यावरून असे निष्पन्न झाले, की पाचव्या-सहाव्या शतकांतील फ्रँक अलंकारांतील गार्नेट मुख्यतः भारत आणि श्रीलंका येथून गेलेले आहेत. राजस्थानातील टोंक जिल्ह्यातील राजमहाल तसेच अजमेर व भिलवाडा हे भाग तामड्यासाठी पूर्वापार प्रसिद्ध आहेत. समुद्रमार्गे निघालेला हा माल अनेक व्यापाऱ्यांच्या हातांतून जात पश्चिम युरोपातील सोनारांच्या पेढीवर पोहोचत असे. सहाव्या शतकाच्या अखेरीपासून हा पुरवठा आटला आणि सोनार बोहेमियातील लहान आकाराच्या गार्नेटकडे वळले.

पूर्वेकडून पश्चिमेकडे रत्ने गेली आणि त्या बदल्यात सोने-चांदी आली, हा भारताच्या प्राचीन व्यापाराचा परिचित नियम येथेही दिसतो. मग स्वाभाविकपणे प्रश्न उद्भवतो, की ज्या देशाने ही रत्ने पुरविली, त्या देशात त्या काळातील राजांची अशी थडगी का सापडत नाहीत?

अलंकार मागे का राहिले

अतिप्राचीन काळी आपल्याकडेही मृताबरोबर मौल्यवान वस्तू ठेवण्याची चाल काही समाजांत होती. पानिपतपासून यमुनेच्या पलीकडे, उत्तर प्रदेशातील बागपत जिल्ह्यात सनौली हे गाव आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने २००५-०६ मध्ये तेथे केलेल्या उत्खननात शंभराहून अधिक दफने उघडकीस आली. २०१८ मध्ये पुन्हा झालेल्या उत्खननात तांब्याच्या नक्षीने मढविलेल्या शवपेटिका, तलवारी आणि भरीव चाकांचे रथवजा गाडे सापडले. सोन्याचे व मौल्यवान दगडांचे मणीही या दफनभूमीत मिळाले. हा काळ आजपासून सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचा. विदर्भात नागपूरजवळील माहुरझरी येथील लोहयुगीन शिळावर्तुळांतही शस्त्रे, अलंकार आणि तांब्याच्या आभूषणांनी सजविलेल्या घोड्यांचे अवशेष मिळाले आहेत.

पुढे दहनसंस्कार सार्वत्रिक होत गेला तसा देह अग्नीच्या स्वाधीन करण्यापूर्वी अलंकार उतरविण्याचा रिवाज रूढ झाला. दागिना चितेवर जाण्याऐवजी घरात राहू लागला. धर्मशास्त्रकारांनीही त्याच्या वारशाचा सूक्ष्म विचार केला. मनुस्मृतीने स्त्रीधनाचे सहा प्रकार सांगितले, तर बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयास असलेल्या विज्ञानेश्वराने ‘मिताक्षरा’ या टीकेत स्त्रीधनाची व्याप्ती पुष्कळ वाढविली. मोडता येणारा, गहाण ठेवता येणारा आणि लेकी-सुनांकडे जाणारा दागिना ही कुटुंबाची चालती-फिरती ठेव ठरली. युरोपातील राजांचे सोने जमिनीत निश्चल पडून राहिले. म्हणून ते आज संग्रहालयांत पाहावयास मिळते. आपल्याकडचे सोने पिढ्यानपिढ्या आटले, घडले आणि पुन्हा आटले. त्यामुळे ते उपयोगी पडले खरे, परंतु मूळ मालकाची खूण त्यावर राहिली नाही.

पानिपतची पहिली साक्ष

पानिपतच्या भूमीनेच याचे एक ठळक उदाहरण दिले आहे. एप्रिल १५२६ मध्ये बाबराशी लढताना दिल्लीचा सुलतान इब्राहिम लोदी येथे धारातीर्थी पडला. त्याची कबर पानिपत शहरात आहे. विटांच्या चौथऱ्यावरील ही साधीसुधी कबर पाहून ती एका सुलतानाची असल्याचे एरवी लक्षातही येऊ नये. इस्लामी रिवाजानुसार मृताला केवळ कफनात पुरतात. सोबत अलंकार ठेवीत नाहीत.

याच लढाईत इब्राहिमच्या बाजूने लढताना ग्वाल्हेरच्या राजघराण्यातील विक्रमादित्य हाही मरण पावला. त्याचे कुटुंब त्या वेळी आग्र्यास होते. हुमायूनच्या फौजेने आग्रा गाठल्यावर त्याने या कुटुंबाची लूट होऊ दिली नाही आणि कुटुंबाने आपल्याजवळील जडजवाहीर त्यास नजर केले, असे बाबराने आत्मचरित्रात लिहिले आहे. त्यात एक असामान्य हिरा होता. हा हिरा म्हणजेच पुढे कोहिनूर म्हणून विख्यात झालेले रत्न, असे अनेक अभ्यासक मानतात. राजा रणांगणात पडला आणि त्याच्या घरातील रत्नाने मागे राहिलेल्यांचे रक्षण केले.

१७६१ : मोत्यांवरून माग

तिसऱ्या युद्धाच्या वेळी मराठी फौज आर्थिक अडचणीत होती. १७६० च्या पावसाळ्यात दिल्ली हाती आल्यावर खर्चाची तोंडमिळवणी करण्यासाठी भाऊसाहेबांनी लाल किल्ल्यातील दिवाण-इ-खासचे चांदीचे छत उतरवून त्याचे रुपये पाडले होते. डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेल्याने रसदेचा आधारही तुटला आणि उपासमार असह्य होऊन फौज लढाईस बाहेर पडली.

युद्धानंतरचे वर्णन काशिराज पंडित याने फारसी भाषेत लिहून ठेवले आहे. हा दक्षिणी ब्राह्मण अयोध्येचा नवाब शुजाउद्दौला याच्या पदरी होता आणि त्या दिवसांत तो छावणीत प्रत्यक्ष हजर होता. विश्वासरावांचे शव अब्दालीच्या छावणीत नेण्यात आले होते. ते अफगाण सैनिकांच्या ताब्यातून सोडवून त्यावर विधिपूर्वक अग्निसंस्कार व्हावा, यासाठी शुजाउद्दौलाने रदबदली केली. भाऊसाहेबांचे मात्र काय झाले, याचा पत्ता लागेना. शोध घेणाऱ्या मंडळींना प्रेतांच्या राशीत एक शिरविरहित देह आढळला. त्याच्याजवळ काही मौल्यवान मोती पडलेले होते, त्यावरून हा देह कोणा थोर पुरुषाचा असावा, असा तर्क झाला.

मोत्यांनी येथपर्यंत आणून सोडले. पुढची ओळख देहावरील खुणांनी पटवावी लागली. मांडीवर रुपयाएवढा काळा डाग होता. मुजफ्फरखानाने पूर्वी केलेल्या हल्ल्यातील जखमेचा व्रण पाठीवर होता. पायावर सामुद्रिकात शुभ मानलेल्या रेषा होत्या. भाऊसाहेब नित्यनेमाने असंख्य सूर्यनमस्कार घालीत; त्या अभ्यासाने गुडघ्यांवर व हातांवर पडलेले घट्टेही दिसत होते. पूर्वपरिचित लोकांनी या खुणा पाहून शव ओळखले व त्यावर अग्निसंस्कार झाला. लक्षावधींच्या खजिन्यावर हुकूम चालविणाऱ्या सेनापतीची ओळख अशा रीतीने चार मोती, एक व्रण आणि हातावरचे घट्टे यांवर येऊन ठेपली.

ओळख अपुरी पडल्याचे परिणाम

ही साक्ष परमुलखात, मोजक्या लोकांसमोर झाली. पुण्यास पोहोचल्या त्या केवळ वार्ता. शिर निराळे, धड निराळे, अंगावर मुद्रांकित अंगठी किंवा नावाची खूण असल्याचा उल्लेख नाही. त्यामुळे भाऊसाहेब निसटून गेले असावेत, या आशेला जागा राहिली. रणांगणातून सुखरूप परतलेल्या त्यांच्या पत्नी पार्वतीबाई यांनी अखेरपर्यंत वैधव्य स्वीकारले नाही, असे परंपरा सांगते. १७६३ मध्ये त्यांचे निधन झाले. नानासाहेब पेशवे तर २३ जून १७६१ रोजीच पुण्यास पर्वतीवर निवर्तले होते.

लोकांच्या या आशेचा फायदा घेणारा माणूस पुढे आलाच. काही वर्षांनी उत्तरेत एका कनोजी ब्राह्मणाने आपणच सदाशिवरावभाऊ असल्याचे सांगण्यास आरंभ केला. माधवराव पेशव्यांच्या कारकिर्दीत चौकशी होऊन तो तोतया ठरला व कैदेत पडला. परंतु १७७६ मध्ये रत्नागिरीच्या कैदेतून सुटून त्याने कोकणात बंड उभारले. हजारो माणसे त्याला मिळाली, किल्ले त्याच्या हाती गेले आणि पुणे दरबाराला त्याच्यावर फौज धाडावी लागली. शेवटी तो आंग्र्यांच्या हाती सापडला आणि त्याच वर्षी पुण्यात त्याला देहदंड झाला. एका मृत्यूची निर्विवाद नोंद नसल्याची किंमत मराठी राज्याला पंधरा वर्षांनंतरही मोजावी लागली.

चिल्डेरिकच्या अंगठीचे मोल या पार्श्वभूमीवर ध्यानी येते. तेथे देहाची माती झाली, राज्य लयास गेले, तरी नाव टिकले. पानिपतावर देह समोर असूनही नावाविषयी वाद राहिला. सोने दोन्हीकडे होते. फरक होता तो नाव लिहिलेल्या खुणेचा.

नोंदीचे मोल

आपल्या जुन्या सावकारीने हे तत्त्व चांगलेच ओळखले होते. नामजोग हुंडीचे पैसे हुंडीत नाव असलेल्या व्यक्तीसच मिळत, तर शाहजोग हुंडीचे पैसे बाजारात पत असलेल्या शहासच दिले जात. रक्कम किती, याइतकेच ती कोणाच्या हाती पडावी, यालाही महत्त्व होते. पानिपतची वार्ता आणणारे पत्र याच व्यवस्थेतील कासिदाने नेले होते.

आजच्या बँकव्यवहारात ग्राहकाची ओळख पटविणारी कागदपत्रे आणि नामनिर्देशन यांचे स्थान नेमके हेच आहे. १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवखात्यासाठी चार व्यक्तींपर्यंत नामनिर्देशन करता येते. ते सर्वांना एकाच वेळी हिस्सा ठरवून देता येते किंवा एकानंतर दुसरा अशा क्रमानेही करता येते. लॉकरसाठी मात्र क्रमवार नामनिर्देशनाचीच तरतूद आहे. नामनिर्देशित व्यक्ती ही त्या रकमेची आपोआप मालक होत नाही. वारसांच्या वतीने ती स्वीकारणारी विश्वस्त असते, हेही ध्यानात ठेवावयास हवे. दहा वर्षे व्यवहार न झालेल्या किंवा न मागितलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागृती निधीकडे वर्ग होतात. वारसांचा हक्क त्यानंतरही अबाधित असतो, परंतु तो सिद्ध करण्यासाठी पुरावा लागतो.

लॉकरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ग्राहकांनी जाणून घेतली पाहिजे. लॉकरमध्ये काय ठेवले आहे, याची यादी बँकेजवळ नसते. म्हणून प्रत्येक दागिन्याचे वर्णन, वजन, छायाचित्र आणि खरेदीची पावती यांची नोंद घरी सुरक्षित ठेवावी आणि ती कोठे आहे, हे घरातील विश्वासू व्यक्तीस सांगून ठेवावे. आजीची ठुशी कोणती, आईच्या पाटल्या कोणत्या आणि त्या कोणासाठी ठेवल्या आहेत, हे चार ओळींत लिहून ठेवण्यास फारसा वेळ लागत नाही. मागे राहिलेल्यांना दुःखाच्या प्रसंगी वाद घालावा लागू नये, यासाठी ही तजवीज प्रत्येक घराने वेळीच करावी.